३०९ नापास झाली नाही, तिला नापास केलं!

मंडळी, परवा कर्जत लोकलमध्ये एक काका म्हणाले, "फ्रेंच गाड्या आपल्याकडे चालत नाहीत. प्यूजो ३०९ चं काय झालं?" आणि कल्याणला उतरले! माझं उत्तर घशातच राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

काका, याच कल्याणच्या कारखान्यात प्रीमिअर कंपनी १९९४ पासून ३०९ बनवत होती. मूळची टॅल्बो म्हणून आखलेली, १९८५ साली प्यूजोच्या नावाने बाजारात आलेली हॅचबॅक. पद्मिनीला मागे पाटे होते, हिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. खोपोलीच्या घाटाला घाबरणारी गाडी नव्हे ही.

मग बुडालं कशाने? प्रीमिअरने प्यूजोबरोबर फियाटशीही घरोबा केला. त्यात कामगारांशी वाद, संप. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. गिऱ्हाईक बसलं स्पेअर पार्ट शोधत.

आमच्या धंद्यात कोड कितीही छान असो, सपोर्ट बंद केला की प्रॉडक्ट मेलं. तेव्हा दोष कोडला देतात का?

गंमत म्हणजे २०२१ पासून प्यूजो आणि फियाट एकाच स्टेलांटिसच्या छताखाली नांदतायत. त्यांचं जुळलं हो, भरडला गेला तो गाडी घेणारा.

असो. पुढची गाडी घेताना देश विचारू नका. दहा वर्षांनी पार्ट मिळेल का, ते विचारा.