व्हीआर चष्मा आणि भायखळ्यातला गाळा



मागच्या पालकसभेत एका बाबांनी विचारलं, "बाई, आपल्या शाळेत व्हीआर लॅब कधी येणार?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून दुसरे एक पालक हसत म्हणाले, "शाळेला नंतर, आधी मला द्या तो चष्मा. माझं नुकसान वाचेल."

त्यांचा भायखळ्यात, रे रोडच्या बाजूला एक छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, तीन माणसं. सभा संपल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. परदेशी मशिनं जोडणाऱ्या एका गिऱ्हाइकाने साठ ब्रॅकेटची ऑर्डर दिली. ड्रॉइंग आलं व्हॉट्सॲपवर. दारूखान्यातून प्लेट आणली, कापली, भोकं पाडली, माल पाठवला. साठच्या साठ परत! मापं सगळी बरोबर, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताला शिवावा तसं झालेलं.

हे बघा, चूक कुठे झाली. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे शाळा-कॉलेजात 'फर्स्ट अँगल' पद्धतीने ड्रॉइंग शिकवतात. त्यात वस्तूचं उजव्या बाजूचं चित्र मुख्य चित्राच्या डावीकडे काढतात. अमेरिकेत 'थर्ड अँगल' चालतं, तिथे उजवी बाजू उजवीकडेच. कोणती पद्धत आहे ते सांगणारी एक छोटी खूण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते. फोनवर फोटो कापून पाठवताना नेमका तो कोपरा गेला. गिऱ्हाइकाने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

आता चष्म्याचं बघू. डोक्यावर लावून बघायचं असं यंत्र आयव्हन सदरलँड यांनी १९६८ च्या सुमारास अमेरिकेत करून दाखवलं होतं. म्हणजे कल्पना जुनीच, परवडायला लागली ती अलीकडे. २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूने तर व्हिडिओ गेमसाठी बनलेले चष्मेच गाडीच्या डिझाइनच्या कामाला घेतले. कारखान्यात याचा उपयोग असा, की पुरवठादार आपल्या गावी आणि गिऱ्हाईक त्याच्या गावी, पण दोघं एकाच मशीनभोवती उभे असल्यासारखे वावरतात. मशीन अजून बनलेलंच नसतं. "हा नट घट्ट करायला पाना आत जाईल का?" असं म्हणत गिऱ्हाईक हात घालून बघतो. तिथेच बदल सुचतो, लोखंड कापायच्या आधी.

मला ही गोष्ट मनापासून पटते. पण आमच्या या बाबांच्या ब्रॅकेटला चष्म्याची गरज नव्हती, हेही सांगायला हवं. थ्री-डी फाइल मोबाइलवर फिरवून पाहिली असती तरी कळलं असतं. चष्मा कामाला येतो तो वस्तू माणसाएवढी किंवा त्याहून मोठी असेल, आत वाकावं लागत असेल, तेव्हा. साध्या ब्रॅकेटसाठी चष्मा म्हणजे डास मारायला तोफ.

आणि खर्च कोणी करायचा? मोठ्या कंपनीने उद्या पुरवठादारांना "चष्मा असेल तरच ऑर्डर" म्हटलं, तर तीन माणसांच्या गाळ्याने काय करायचं? माझं मत सरळ आहे: ज्याला ती सोय हवी त्याने चष्मा पाठवावा, फाइलही त्यानेच तयार करून द्यावी. नाहीतर याच भायखळ्यातली हाताची कामं जाणणारी माणसं मागे राहतील.

वस्तू समोर ठेवून बोलायची पद्धत आपल्याला नवी नाही. राणीबागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुलांना नेलंत तर होड्यांच्या प्रतिकृती जरूर दाखवा. संग्रहालयाची ही इमारत १८७२ मध्ये खुली झाली. आज माटुंग्याला असलेली व्हीजेटीआयसुद्धा आधी भायखळ्यातच होती, १९२३ मध्ये ती तिकडे गेली. मी मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही, पत्ता विचारतात!

राहिला लॅबचा प्रश्न. लहान मुलांना चष्मा देऊ नये असं माझं मत. प्रसिद्ध असलेल्या मेटा क्वेस्टची वयाची अट आधी १३ होती, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती १० वर आली. काहींना चक्करही येते. आठवी-नववीला आठवड्यातून पंधरा मिनिटं ठीक. त्याआधी साबणाच्या वडीतून एक आकार कोरायला द्या. एकाने कोरायचा आणि दुसऱ्याने न बघता, फक्त प्रश्न विचारून त्याचं चित्र काढायचं. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी एकालाही जमलं नाही, कारण कोणी प्रश्नच विचारेना.

गेल्या शनिवारी त्या बाबांना वर्गात बोलावलं. ते परत आलेलं एक ब्रॅकेट आणि पूर्ण ड्रॉइंग घेऊन आले. मुलांनी दोन्ही हातात घेऊन फिरवलं. दहा मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, "काका, हे आरशातलं आहे." ते म्हणाले, "बाळा, तू तेव्हा कुठे होतीस?" ब्रॅकेट आता आमच्या वर्गाच्या कपाटात आहे.