सही कोण करणार?

अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनांच्या तळाशी एक ओळ हमखास असते : आवश्यक वाटल्यास योग्य आकडे गृहीत धरा. अभियंत्याचा अवघा व्यवसाय त्या ओळीत आहे, पण ती कुणी मनावर घेत नाही. एखादा आकडा खरोखरच राहून गेला, तर ‘प्रश्नच चुकला’ अशी ओरड होते.

साइटवर सगळे आकडे कधीच हाती नसतात. पाया खोदताना बोअरच्या अहवालात नसलेली काळी माती लागते, ठेकेदाराला स्लॅब आजच टाकायचा असतो, वर उद्घाटनाची तारीख ठरलेली. अशा वेळी सही करायची की काम थांबवायचे, हे कोणताही आयएस कोड (भारतीय मानक) सांगत नाही.

याचा सर्वांत महागडा धडा पुण्याच्या उशाशी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले आणि पुणे बुडाले. पाणी सोडण्याच्या मोरीचे व दरवाजांचे काम पुरते झालेले नसताना त्याच पावसाळ्यात पाणी अडवले गेले होते. आदल्या रात्री जवान खचत्या भरावावर पोती रचत होते. जिवाची बाजी लावून, पण फार उशिरा. ‘यंदा पाणी नको’ असे ठामपणे म्हणायची वेळ पावसाळ्याआधीच निघून गेली होती. हे प्रकरण खरे तर स्थापत्यच्या प्रत्येक वर्गात कागदपत्रांसह चिरफाड करून शिकवायला हवे. त्याऐवजी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडतात. त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले ते याच खडकवासल्यावर, हे हार घालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या फायलीत ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ असते, नाही असे नाही. विषयाची आणि पदवीची उद्दिष्टे जुळवणाऱ्या सीओ-पीओच्या तक्त्यात तिच्यासमोर एक, दोन किंवा तीन लिहिले की ती शिकवून झाली! शिकवणारेही अनेकदा एम.टेक. होऊन थेट फळ्यापुढे उभे राहिलेले. पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले, कधीतरी वरिष्ठांना लेखी नकार दिलेले अभियंते गावोगावी आहेत. त्यांना वर्गात बोलवायला कुणाची मनाई आहे?

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत अपुऱ्या माहितीचे एक प्रकरण पुढे ठेवावे आणि विचारावे, ‘तुम्ही सही कराल का?’ उत्तर होय असो वा नाही, गुण कारणांना द्यावेत. यासाठी ना निधी लागतो, ना नवा विषय. विद्यापीठांनी हे याच सत्रापासून सुरू करावे.