एका गुंठ्याचा एक पिक्सेल

‘सॅटेलाइट खोटं बोलत नाही’ हे वाक्य मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. खोटं बोलत नसेल, पण अर्धवट बोलतं. त्या अर्धवट बोलण्यावर शेतकऱ्याच्या हातात काय पडणार हे ठरत असेल, तर हे वाक्य म्हणजे निव्वळ हात झटकणं आहे.

अंतरवाली सराटी म्हटलं की तुम्हाला उपोषण आठवतं, १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार आठवतो. त्याच पावसाळ्यात तिथली पिकंही वाळत होती. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात अंबड होता. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे पावसाच्या आकड्यांसोबत उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला वनस्पती निर्देशांकही बघतात. मग खात्री करायला तालुक्यातल्या १० टक्के गावांत जायचं. बाकीच्या गावांची पिकं वरूनच बघायची.

निर्देशांक तसा साधा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. दोन्हींत फरक जितका मोठा, तितकी हिरवाई जास्त. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. त्यांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आता मोसंबीची बाग घ्या (जालन्यात दुसरं काय घेणार). सहा-सहा मीटरवर झाडं असतील तर एका पिक्सेलमध्ये तीन झाडंही पुरती बसत नाहीत. उरलेली जमीन मोकळी, आणि उशिरा का होईना पाऊस पडला की तिच्यावर तण माजतं. झाड वाळतंय आणि पिक्सेल हिरवागार!

ड्रोनचं उलट. शंभर मीटरवरून काढलेल्या फोटोत पिक्सेल तीन-चार सेंटिमीटरचा असतो, झाड न् झाड मोजता येतं. पण अख्खा तालुका ड्रोनने उडून काढू म्हणणारे स्वप्न विकतात. एका बॅटरीत अर्धा तास मिळाला तरी खूप, पावसात तोही नाही. म्हणून दोन्ही एकत्र लागतात. प्रत्येक महसूल मंडळात मोजके गट ड्रोनने टिपायचे, एकेका गुंठ्यात झाड किती, तण किती, वाळलेलं किती हे मोजायचं, त्यावर उपग्रहाचं गणित दुरुस्त करायचं आणि मग ते तालुकाभर लावायचं. फक्त दोन्ही चित्रं एकाच आठवड्यातली हवीत.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर याहून वाईट. ढगांखाली सेंटिनेल-२ आंधळा. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, पण ते डोक्यावरून जाईपर्यंत पाणी ओसरलेलं असू शकतं. सोयाबीन मात्र तेवढ्यात कुजतं.

खर्चाचं कारण सांगू नका. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोन उडवून गावठाणांतली घरं मोजली जातायत. २०२४ च्या पावसाळ्यात अंतरवाली सराटीवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, ही तक्रार विधिमंडळापर्यंत गेली. ते कुणाचे होते ते सोडा. घरावर ड्रोन येतो, मग बांधापलीकडे का नाही?

आणि फोटो दाखवा. ई-पीक पाहणीत शेतकरी २०२१ पासून स्वतःच्या फोनवरून पिकाचा फोटो सरकारला देतोय. आकाशातून काढलेला त्याच्याच शेताचा फोटो त्याला कोण देतं? गट नंबर टाकला की त्या तारखेचं चित्र आणि त्यावरून काढलेला आकडा दिसला पाहिजे. पंचनाम्यावर हरकत घेता येते, कारण तो वाचता येतो.

नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राला हे काम मी समजावून सांगायची गरज नाही. येत्या खरिपाआधी निवडलेल्या गटांची यादी ग्रामपंचायतीत लावा. पहिलं उड्डाण पीक उभं असतानाच करा, कारण वाळल्यावर काढलेल्या फोटोत आधी काय होतं ते दिसत नाही.