घरोघरचा कायदा : तांबड्या फुलीचा मान

पंचवटींत रावण आला तो दहा मुखांनीं नव्हे. भगवीं वस्त्रें, दंड व कमंडलु घेऊन आला. सीतेनें आतिथ्य केलें तें त्या वेषाचें. तिचें हरण झालें हा एक अनर्थ. परंतु त्यानंतर दाराशीं येणाऱ्या खऱ्या संन्याशाकडेही गृहिणीनें संशयानें पाहावें, हा त्याहून दूरवर पोहोंचणारा दुसरा अनर्थ होय. संकटांत मदतीस धांवणाऱ्यांच्या चिन्हांना व गणवेषांना कायद्यानें जें संरक्षण दिलें आहे, तें ह्या दुसऱ्या अनर्थाच्या निवारणार्थही आहे.

ह्या चिन्हांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पांढऱ्या भूमीवरील तांबडी फुली, अर्थात् रेड क्रॉस. १८५९ सालीं सॉल्फेरिनोच्या रणांगणावर हजारों जखमी सैनिक शुश्रूषेवांचून तळमळत असलेले जिनीव्हाच्या आंरी द्युनां ह्या गृहस्थानें पाहिले. त्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीनें १८६४ च्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें करार झाला व स्विस निशाणाचे रंग उलटे करून हें चिन्ह ठरलें. 'हा लढणारा नव्हे, जखमींची सेवा करणारा आहे. ह्यावर शस्त्र चालवूं नका,' हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे मात्र ही फुली म्हणजे डॉक्टरची खूण, असा सार्वत्रिक समज आहे. दवाखान्याच्या पाटीवर, औषधांच्या पेटीवर, डॉक्टर चिरंजीवांच्या किंवा जांवयांच्या मोटारीवर ती मिरवत असते. वस्तुतः १९६० च्या जिनीव्हा करारविषयक कायद्याच्या १२ व्या कलमान्वयें केंद्र सरकारच्या मान्यतेवांचून हें चिन्ह, त्याच्याशीं फार मिळतें चिन्ह किंवा 'रेड क्रॉस' हे शब्दही वापरण्यास मनाई आहे. १३ व्या कलमान्वयें ५०० रुपयांपर्यंत दंड होतो व ज्या मालावर चिन्ह असेल तो जप्तीस पात्र ठरतो.

'पण हेतु चांगला असल्यास?' असें कोणी विचारील. २००८ च्या जुलईंत कोलंबियाच्या सैन्यानें एकही गोळी न झाडतां, युक्तीनें १५ ओलीस बंडखोरांच्या हातून सोडविले. त्या मोहिमेंतील एकानें रेड क्रॉसचें चिन्ह अंगावर घातलें होतें, हें मागाहून उघड झालें. तेव्हां राष्ट्राध्यक्ष उरीबे यांनीं तें मान्य करून रेड क्रॉसची क्षमा मागितली. पुढच्याच वर्षीं त्याच देशांत ओलिसांना आणण्यासाठीं रेड क्रॉसचीं खरीं माणसें बंडखोरांच्या मुलखांत गेलीं. त्यांना आधार होता तो ह्याच चिन्हाचा.

पोलिसादि सरकारी नोकरांच्या गणवेषाचेंही असेंच. भारतीय न्याय संहितेच्या २०५ व्या कलमान्वयें, लोकांचा तसा समज व्हावा म्हणून तो वेष घालणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्या तोतयेगिरीच्या जोरावर कांहीं कृत्य केल्यास २०४ व्या कलमान्वयें सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड.

तेव्हां वाचकांनीं घरांत दोन गोष्टी कराव्या. मोटारीवर तांबडी फुली असल्यास ती काढून 'डॉक्टर' एवढाच शब्द ठेवावा. आणि घरांतील वडील मंडळींस व सुनामुलींस सांगून ठेवावें कीं, गणवेषांतील अपरिचित मनुष्य दाराशीं आल्यास ओळखपत्र मागण्यांत त्याचा अपमान नाहीं. शंका वाटल्यास ११२ ह्या क्रमांकावर विचारावें. जो खरा असेल, त्याला ही चौकशी आपल्याच गणवेषाची राखण वाटेल.