कापणीचा दिवस कोणी ठरवायचा?

हुरड्याचा दाणा कोणता आणि हुकलेला कोणता, हे सोलापूर जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको. कणीस हातावर मळले की कळते. चिकात असेल तर दाणा फुटून दूध येते, हुरड्यात मऊ व गोड लागतो, आणखी काही दिवस गेले की दाताला लागतो. हे ज्ञान आपण पाहुण्यासाठी वापरतो, जनावरासाठी नाही. मुरघासात तोटा होतो तो इथेच.

मुरघास म्हणजे हवा बंद करून आंबवलेला हिरवा चारा. चाऱ्यातल्या साखरेचे आम्ल होते व त्या आम्लात चारा टिकतो. खड्डा, कागद, कुट्टी यंत्र यांवर मेळाव्यात भरपूर बोलले जाते. पीक कोणत्या दिवशी कापले हे मात्र कोणी विचारत नाही. पोटरीत किंवा फुलोऱ्यात कापलेल्या ज्वारी-मक्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. असा चारा दाबला की तळातून रस वाहतो, त्याबरोबर साखर जाते आणि चारा आंबण्याऐवजी कुजतो. घाण वास आला की जनावर तोंड फिरवते. उलट दाणा टणक होईपर्यंत थांबलो तर धाट चिवट होते, कुट्टी दबत नाही, आत हवा राहते, चारा तापतो, बुरशी धरतो. टणक ज्वारीचा अख्खा दाणा शेणातून जसाच्या तसा पडलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रानात भरलेला माल उकिरड्यावर जातो तो असा.

योग्य वेळ या दोहोंच्या मधली. चीक घट्ट होऊन दाणा हुरड्याला लागतो, तेव्हा १०० किलो चाऱ्यात ३० ते ३५ किलो कोरडा भाग असतो. मक्यालाही हाच आकडा धरावा. रसाळ धाटाची ज्वारी या वेळीही ओली वाटली तर कापून काही तास सुकू द्यावी. कोवळ्या चाऱ्यात प्रथिनांची टक्केवारी जास्त असते हे खरे. पण एकरी कोरडा माल कमी मिळतो आणि दाण्यातले पीठ मिळतच नाही. प्रथिनांची उणीव पेंडीने भरून काढता येते. सरकी आपल्या रानातून जाते आणि पेंड होऊन आपल्यालाच विकत घ्यावी लागते, तो हिशेब वेगळा मांडू.

आता भावाचे. २० टक्के कोरडा भाग असलेल्या एका टनात २०० किलो चारा आणि ८०० किलो पाणी. ३५ टक्क्यांच्या टनात चारा ३५० किलो. काट्यावर दोन्हीचे वजन एकच आणि बहुतेक वेळा दामही एकच. मग घाईने कोवळे कापून वजन वाढवणारा फायद्यात राहतो आणि वेळेवर कापणारा मूर्ख ठरतो. इथे दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. पाणी विकणारा आणि पाणी विकत घेणारा, दोघेही आपलेच. उभे पीक गुंठ्यावर दिले तर कापणीचा दिवस यंत्रवाल्याच्या सोयीने ठरतो आणि मालक बांधावर उभा राहून पाहतो. आमचे म्हणणे एवढेच, की सौदा कोरड्या भागावर व्हावा आणि कापणीचा दिवस सौद्यातच ठरावा.

याचा अर्थ मालदांडी कापून खड्ड्यात घाला असा कोणी घेऊ नये. चांगल्या वर्षी मालदांडीची भाकरी आणि कडबा ही दोन पिके एकाच ताटावर येतात. तिचा मुरघास करणे म्हणजे हातचे धान्य घालवणे. मुरघासासाठी पाण्याची सोय असेल तिथे चाऱ्याची ज्वारी किंवा मका वेगळी करावी.

पण ओल संपलेल्या वर्षी हिशेब बदलतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढ्याकडे छावण्या पडल्या. अशा वर्षी ज्वारी कमरेएवढी राहते, आणि आपण कणीस भरेल या आशेवर थांबतो. दाणा येत नाही आणि धाटही वाळून निकस होते. दाणा भरणार नाही हे दिसले, की पाने हिरवी असतानाच कापण्याचा निर्णय घ्यावा. एक धोका मात्र ध्यानात ठेवा : पाण्याअभावी खुंटलेली कोवळी ज्वारी व खोडव्याचे फुटवे यांत विष असते. अशी ज्वारी हिरवी चारू नये. मुरल्यावर विष बरेच कमी होते, तरी खड्डा ४५ दिवसांआधी उघडू नये आणि सुरुवातीला थोडाच चारा घालून जनावराकडे लक्ष ठेवावे.

पुढील तालुका बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या रानातली चार-पाच ताटे मुळावर कापून, पिशवीत बांधून आणावीत. तिथेच कुट्टी करून किलोभर तोलू आणि घरी कडकडीत उन्हात वाळवून पुन्हा तोलायला देऊ. मागे ३५० ग्रॅमच्या आसपास राहिले तर वेळ बरोबर होती. २०० राहिले तर कापणीची घाई झाली, ५०० राहिले तर उशीर.