जॉर्डन आणि मोकळा सहकारी

शिकागो बुल्स संघाला 1993 चे अजिंक्यपद ज्या फेकीने मिळवून दिले, तिच्या अधिकृत नोंदीत मायकेल जॉर्डनचे नाव कोठेही नाही. 20 जून 1993 रोजी फिनिक्स सन्स संघाविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात शिकागो दोन गुणांनी मागे होता आणि खेळ संपण्यास चौदा सेकंद उरले होते. चौथ्या सत्रात तोवर शिकागोने केलेले नऊच्या नऊ गुण एकट्या जॉर्डनचे होते. चेंडू घेऊन तोच पुढे निघाला होता, आणि अखेरची फेक तोच करणार याविषयी प्रेक्षकांना वा प्रतिस्पर्ध्यांना शंका असण्याचे कारण नव्हते. जॉर्डनने चेंडू स्कॉटी पिपेनकडे सोपविला. पिपेन आत घुसला आणि त्याने तो होरेस ग्रँटला दिला. ग्रँटने स्वतः प्रयत्न न करता तो बाहेर, तीन गुणांच्या रेषेपलीकडे मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडे टाकला. 3.9 सेकंद उरले असताना चेंडू जाळीत गेला आणि शिकागोने सामना 99-98 असा जिंकला. गुण पॅक्सनच्या खात्यावर, साहाय्य ग्रँटच्या खात्यावर. जॉर्डनने त्या क्षणी जे केले, ते मांडण्यास त्या खेळाच्या तक्त्यात रकानाच नाही.

हा प्रसंग आठवण्याचे कारण असे की, 2020 साली जॉर्डनवरील दहा भागांचा माहितीपट प्रसिद्ध झाल्यापासून त्याच्या चरित्राचा एक सोयीस्कर अर्थ लावण्याची प्रथा पडली आहे. जॉर्डन सहकाऱ्यांना टाकून बोलत असे, त्यांचा पाणउतारा करीत असे, प्रसंगी हातही उगारीत असे; परंतु त्याने सहा अजिंक्यपदे मिळविली, सबब ते सारे क्षम्यच नव्हे तर आवश्यक होते, असा हा अर्थ आहे. हाताखालच्यांवर ओरडणाऱ्या वरिष्ठांना आणि छडीवर श्रद्धा असणाऱ्या गुरुजनांना हा युक्तिवाद फार भावतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यास जॉर्डनच्या खेळाकडेच वळणे बरे.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी दोघे गार्ड. उंचीने ते इतरांहून कमी, त्यामुळे जाळीपासून दूर राहून चेंडू पुढे आणणे, इतरांना तो पुरविणे आणि लांबून फेक करणे हे त्यांचे काम. सहा फूट सहा इंच उंचीच्या जॉर्डनने हे काम तर केलेच, पण उंचांच्या गर्दीत शिरून त्यांच्या डोक्यावरून गुण घेण्याचेही केले. बचावात तो तितकाच कडवा होता. 1987-88 च्या मोसमात सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही सन्मान त्यालाच मिळाले. दहा मोसमांत सरासरी गुणांमध्ये तो पहिला आला. वय वाढून उडी कमी झाल्यावर त्याने मागे झुकून करावयाची फेक घोटून काढली आणि तिच्यावर पुढची वर्षे गाजविली. असामान्य देणगीला अशा मेहनतीची जोड क्वचितच मिळते.

तरीही पहिली सहा वर्षे अजिंक्यपद त्याच्या वाट्याला आले नाही. 20 एप्रिल 1986 रोजी बोस्टनमध्ये त्याने एका सामन्यात 63 गुण केले. सामना बोस्टनने जिंकला आणि ती मालिकाही तीन-शून्य अशी घेतली. पुढच्या मोसमात त्याने तीन हजारांवर गुण केले, सरासरी पडली सामन्यामागे 37.1. त्याच्या संघाने 82 पैकी 40 सामने जिंकले आणि बाद फेरीत बोस्टनपुढे पुन्हा तीनही सामने गमावले. याचे खापर जॉर्डनच्या स्वार्थावर फोडणे त्या वेळी सोपे होते, आणि अनेकांनी ते फोडले. परंतु हा आरोप नीटसा टिकत नाही. जॉर्डनला पास देता येत नव्हता असे मुळीच नाही. 1988-89 च्या मोसमाच्या उत्तरार्धात प्रशिक्षक डग कॉलिन्स यांनी संघाचा खेळ चालविण्याची जबाबदारी त्याच्याकडे दिली, तेव्हा त्याने ती लीलया पेलली. त्या मोसमात त्याची सरासरी 32.5 गुणांची आणि त्याबरोबर आठ साहाय्यांची होती. एवढे गुण करणारा आणि तरीही एवढे पास पुरविणारा खेळाडू स्वार्थी कसा म्हणावा?

या प्रश्नाचे उत्तर देताना पास देणे आणि विश्वास टाकणे या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ज्या पासाची साहाय्य म्हणून नोंद होते, तो बहुधा सर्व निर्णय झाल्यानंतरचा पास असतो. चेंडू आपल्याजवळ ठेवायचा, दोघातिघा प्रतिस्पर्ध्यांना स्वतःभोवती गोळा करायचे आणि शेवटच्या क्षणी, जेथे फेक करण्यावाचून दुसरे काही उरलेले नाही अशा ठिकाणी, सहकाऱ्याला तो द्यायचा. यात औदार्य असेल. पण सत्ता देणाऱ्याचीच राहते. घेणारा केवळ हुकमाचा ताबेदार. याउलट, डाव मांडला जात असतानाच चेंडू हातावेगळा करणे, तो परत येईल की नाही, दुसरा त्याचे काय करील हे ठाऊक नसताना मोकळ्या जागेकडे निघून जाणे, ही निर्णयशक्तीच दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची गोष्ट आहे. जॉर्डनला अवघड वाटत होते ते हेच.

डेट्रॉइट पिस्टन्स या संघाने त्याचे हे मर्म नेमके ओळखले. जॉर्डन चेंडू घेऊन आला की त्याच्यावर दोघातिघांनी तुटून पडायचे, आत शिरला तर त्याला आडवे पाडायचे आणि इतरांना वाटल्यास मोकळे सोडायचे, अशी आखणी त्यांनी केली होती. 'जॉर्डन नियमावली' या नावाने ती प्रसिद्ध आहे. इतरांना मोकळे सोडले तरी चालेल, हा तिचा गाभा, आणि जॉर्डनच्या सहकाऱ्यांविषयीचा डेट्रॉइटचा अंदाज जॉर्डनच्या स्वतःच्या अंदाजाशी जुळत होता, ही त्यातील खोच. 1988, 1989 आणि 1990 अशी सलग तीन वर्षे शिकागो याच भिंतीवर आपटला.

1989 च्या उन्हाळ्यात कॉलिन्स यांच्या जागी फिल जॅक्सन आले. त्यांचे वयोवृद्ध साहाय्यक टेक्स विंटर यांनी आयुष्यभर एका त्रिकोणी रचनेचा ध्यास घेतला होता. मैदानाच्या एका बाजूस तीन खेळाडूंनी त्रिकोण करायचा, उरलेल्या दोघांनी दुसऱ्या बाजूस राहायचे, आणि पुढची चाल आधी ठरवून न ठेवता प्रतिस्पर्धी जेथे जागा सोडील तेथे चेंडू न्यायचा. या रचनेत चेंडू कोणा एकाकडे फार वेळ थांबूच शकत नाही. जॉर्डनला ती प्रथम मानवली नाही. गुण करण्याची खात्री ज्याच्या हातांत आहे त्याच्याकडून चेंडू काढून ज्यांच्या हातांत ती नाही त्यांना द्यावयाचा, यात कोणते शहाणपण, असे त्याला वाटे. आणि निव्वळ हिशेबाने पाहिले तर त्याचे म्हणणे चूक नव्हते. जॅक्सन यांनी त्याला निःस्वार्थतेवर प्रवचन दिले असते तर त्याचा फारसा उपयोग झाला नसता. त्यांनी रचना बदलली आणि ती चिकाटीने चालू ठेवली. 1990-91 च्या मोसमात जॉर्डनची साहाय्यांची सरासरी आठांवरून साडेपाचांवर आली. तक्ता पाहणाऱ्याने म्हटले असते की, हा गृहस्थ पूर्वीपेक्षा अधिक आपमतलबी झाला. त्याच मोसमात शिकागोने 61 सामने जिंकले आणि डेट्रॉइटला चार-शून्य असे घरी पाठविले.

लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्याची हकिगत अनेकांनी सांगितली आहे. सामना अटीतटीचा झाला होता, जॉर्डनभोवती दोन-दोन प्रतिस्पर्धी धावत होते आणि तरीही तो स्वतःच फेकी करीत होता. जॅक्सन यांनी खेळ थांबवून त्याला एवढेच विचारले की, मोकळा कोण आहे? उत्तर मिळेना तेव्हा पुन्हा विचारले. पॅक्सन, असे जॉर्डन अखेर उत्तरला. मग त्याच्याकडे चेंडू जाऊ दे, असे जॅक्सन म्हणाले. पॅक्सनने त्या सामन्यात 20 गुण केले, त्यांतले बरेचसे अखेरच्या मिनिटांत, आणि शिकागो प्रथमच अजिंक्य ठरला. पॅक्सन त्या दिवशी अचानक चांगला फेकी झाला होता असे नाही. याच मालिकेतील दुसऱ्या सामन्यात त्याने आठ प्रयत्न केले होते आणि आठही साधले होते. तो मोकळा होता हे जॉर्डनलाही दिसत होतेच. फक्त ते त्याच्याकडून वदवून घ्यावे लागले.

आता पाणउताऱ्याच्या युक्तिवादाकडे वळू. या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. जॉर्डनचा अविश्वास सर्वस्वी निराधार नव्हता. त्याच्या पहिल्या काही वर्षांतला शिकागो संघ खरोखरच सामान्य होता, आणि स्वतः मरेस्तोवर सराव करणाऱ्या माणसास इतरांची ढिलाई सहन होऊ नये हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याची जीभ ढिलाईपुरती थांबत नसे. बिल कार्टराइट या मध्यरक्षकाला निर्णायक वेळी चेंडू देऊ नका, असे त्याने सहकाऱ्यांना बजावल्याचे सॅम स्मिथ यांच्या पुस्तकात नमूद आहे. टोनी कुकोच याचा अपराध तर एवढाच की संघाचे व्यवस्थापक जेरी क्राउझ यांना तो आवडत असे. त्यापायी 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जॉर्डन आणि पिपेन यांनी त्याला मैदानात सळो की पळो करून सोडले. हाच कुकोच पुढे त्यांच्या तीन अजिंक्यपदांचा वाटेकरी झाला.

स्टीव्ह करचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. 1995 च्या शरद ऋतूत सरावात दोघांची जुंपली आणि जॉर्डनने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जॅक्सन यांनी जॉर्डनला सरावातून बाहेर काढले; नंतर त्याने दूरध्वनी करून माफी मागितली. 13 जून 1997 रोजी यूटा जॅझविरुद्ध 86-86 अशी बरोबरी असताना जॉर्डनने चेंडू करला दिला आणि करने सुमारे पाच सेकंद उरले असताना तो जाळीत टाकला. त्याआधीच्या विश्रांतीत, जॉन स्टॉक्टन तुला सोडून माझ्याकडे येईल, तू तयार राहा, असे जॉर्डनने करला सांगितल्याचे चित्रणही उपलब्ध आहे. ठोसा आणि पास यांची सांगड घालून, पहिल्यामुळे दुसरे घडले, असे सांगितले जाते. हे पटण्यासारखे नाही. कर घाबरट होता आणि ठोशाने धीट झाला, असे समजण्यास जागाच नाही. त्याचे वडील माल्कम कर बैरूटच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष असताना 1984 साली त्यांची हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच हा मुलगा ॲरिझोना विद्यापीठाकडून मैदानात उतरला होता. जॉर्डनच्या वडिलांचाही 1993 साली खून झाला. एवढे विलक्षण दुःख दोघांच्या वाट्याला सारखेच आले असूनही त्याविषयी आपण कधी बोललो नाही, असे करने त्या माहितीपटात सांगितले आहे. ज्या संघाच्या ऐक्याचे गोडवे गायले जातात, त्यात एवढे अंतरही होते.

शिवाय, सहकारी त्याच्या धाकानेच खेळत होते म्हणावे, तर 1993-94 च्या मोसमाचे काय करावयाचे? जॉर्डन खेळ सोडून बेसबॉलकडे गेला. त्याच्याविना शिकागोने 55 सामने जिंकले, त्याच्यासह आदल्या मोसमात जिंकले होते 57. अजिंक्यपद त्यांना मिळाले नाही, दुसऱ्याच फेरीत न्यूयॉर्कने त्यांना सात सामन्यांत हरविले. तेव्हा जॉर्डनची जागा भरून निघाली असे कोणी म्हणणार नाही. पण धाक गेल्याने संघ विस्कटला असेही झाले नाही. रचना कायम होती आणि ती अंगवळणी पडलेले खेळाडू कायम होते.

1998 ची अखेरची फेक या साऱ्याला छेद देते असे कोणी म्हणेल. त्या सामन्यात शिकागोच्या 87 गुणांपैकी 45 जॉर्डनचे होते. शेवटी त्याने कार्ल मलोनकडून चेंडू हिसकावला, मैदान ओलांडले आणि कोणाकडेही न पाहता 5.2 सेकंद उरले असताना स्वतः फेक केली. पिपेन पाठीच्या दुखण्याने वाकला होता, जॉर्डनपुढे एकच रक्षक होता आणि दुसरा धावून आला नाही. मोकळा कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी तो स्वतः होता. त्याला अविश्वास म्हणता येणार नाही.

जॉर्डनच्या स्वभावाची खरी परीक्षा वॉशिंग्टनमध्ये झाली. 2001 साली, तेथील संघाचा कारभार पाहत असताना, त्याने शाळेतून थेट आलेल्या क्वामे ब्राउन याची निवडीत पहिल्या क्रमांकावर निवड केली आणि मग स्वतःही त्याच्यासमवेत मैदानात उतरला. ब्राउन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. 1982 च्या मार्चमध्ये जॉर्डनही एकोणीसच वर्षांचा होता. विद्यापीठांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना एका गुणाने मागे, वीस सेकंदही उरलेले नाहीत, संघातला मोठा खेळाडू जेम्स वर्दी, आणि प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी ओळखले की जॉर्जटाउनचे सारे लक्ष वर्दीकडे जाईल. चेंडू पहिल्या वर्षाच्या जॉर्डनकडे आला आणि तेथून त्याची कीर्ती सुरू झाली. ब्राउनला सरावात सर्वांदेखत अपमान सोसावे लागल्याची वृत्ते त्या काळी प्रसिद्ध झाली. त्याच्या अपयशाचा सारा दोष जॉर्डनला देणे अन्यायाचे होईल; एवढ्या अपेक्षेचा भार त्या वयात पेलणे कोणालाही कठीण होते. परंतु येथे विंटर यांची रचना नव्हती आणि खेळ थांबवून प्रश्न विचारणारे जॅक्सनही नव्हते. होता तो केवळ जॉर्डनचा धाक. दोन्ही मोसमांत वॉशिंग्टनने 37-37 सामने जिंकले आणि दोन्ही वेळा बाद फेरी हुकली. 2003 च्या मे महिन्यात मालकांनी जॉर्डनला पुन्हा कारभार देण्यास नकार दिला. ब्राउनने पुढे संघामागून संघ बदलत 2013 पर्यंत कारकीर्द रेटली.