किळस म्हणजे भूतदया नव्हे

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न चर्चेस आला, तेव्हा अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी ही कुत्री आसामात पाठवावीत, तेथे ती खाल्ली जातात व त्यांना किंमतही मिळते, असा उपाय सुचविला. आसामच्या विधानसभेत गदारोळ उडाला. त्यावर कडू यांनी माफी मागितली. मात्र आपल्याला नागालँड म्हणायचे होते, असा खुलासाही केला. या खुलाशाने भूगोल दुरुस्त झाला, वृत्ती नव्हे.

नागालँड सरकारने जुलै २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली होती. पोत्यात कोंबून, तोंडे बांधून बाजारात आणलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे पाहून देश हळहळला होता. जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा पीठाने ती बंदी रद्द केली. मुख्य सचिवांना असा आदेश काढण्याचा अधिकार नाही आणि हे मांस नागा समाजात आजही मान्य अन्न आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून त्या पोत्यातील यातना क्षम्य ठरतात काय? मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अन्नासाठी होणाऱ्या हत्येला गुन्हा मानीत नाही. परंतु त्या वेळी दिलेल्या अनावश्यक यातनांना मात्र सूट देत नाही. हीच मोजपट्टी लावली, तर पोत्यातील कुत्रा आणि आपल्याच रस्त्यांवरून दुचाकीला उलटी टांगून नेली जाणारी कोंबडी यांत कोणता भेद उरतो? एकाची आपल्याला किळस येते, दुसरीकडे आपले लक्षही जात नाही, इतकाच. पण किळस ही सवयीची मुलगी आहे. तिला भूतदयेचे नाव देऊन शेजाऱ्याच्या ताटाचा न्याय करता येत नाही.

खुद्द नागपुरात तरी हा प्रश्न कुठे सुटला आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये येथील खंडपीठाने सार्वजनिक जागी कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई केली. खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तकच घ्यावीत, या निर्देशाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. निर्बीजीकरण, लसीकरण आणि कचऱ्याची वेळेवर उचल, ही खरी कामे महापालिकेची आणि नागरिकांची आहेत. आपल्या गल्लीतील कुत्र्यांची जबाबदारी आपल्याच गल्लीला घ्यावी लागेल. ती नागांच्या चुलीवर ढकलणे हा उपायही नव्हे आणि सभ्यताही नव्हे.